पाच वाव पाणी

आमच्या धंद्यात सगळं उलटं कोरायचं असतं.
तांब्यावर पूर्व डावीकडे,
बंदराचं नाव शेपटाकडून तोंडाकडे,
आकडे पाठमोरे.
तीस वर्षं झाली. आता ॲम्स्टरडॅमच्या बाजारातल्या
सरळ पाट्या वाचताना मी अडखळते.

नवरा गेला तेव्हा बाल्क मालक म्हणाले,
सही त्याची असायची, अक्षर तुझं, हिलेखोंत,
मला काय कळत नव्हतं?
बाक तोच ठेवला. पगार निम्मा केला.

पुलापलीकडे स्कूटचं दुकान.
दोघांच्या पाट्यांवर एकच पृथ्वी
आणि ती खांद्यावर घेऊन दमलेला एकच बाप्या.
यांनी चाळीस नकाशांचा ग्रंथ काढला
की त्याचा पन्नासांचा.
यांनी कोपऱ्यात देवमासा घातला
की त्याचा देवमासा कारंजं उडवणार.
समुद्र मात्र होता तेवढाच,
आणि तो मोजायला दोघांपैकी कुणी जात नव्हतं.
जुन्या कागदावरची खोली नव्या कागदावर यायची,
गावातली अफवा येते तशी, हात बदलत.

त्या हिवाळ्यात जवसाचं तेलसुद्धा थिजलं होतं.
फ्लीलँडच्या उत्तरेला, रेतीच्या दांड्यावर
मला दोन कोरायचा होता.
बोटं बधिर. मी तो सरळच कोरला.
छापून आला पाठमोरा.
आणि आमचा दोन पाठमोरा झाला
की पाचासारखा दिसतो,
मान जरा वाकडी, एवढाच फरक.

कुणाच्या लक्षात आलं नाही.
स्कूटच्या लुब्बर्टच्या आलं.
हार्लेमचा पोरगा, हात असा की रेघ श्वास घेते.
आमचा नकाशा समोर ठेवून चोरत होता बिचारा,
त्याला वाटलं, म्हातारीचा हात थरथरला.
त्यानं मान सरळ केली.
सुबक, स्वच्छ पाच.

'पांढरा बगळा' राय भरून येत होता.
सुकाणूवाल्यानं स्कूटचा नकाशा पाहिला,
पाच वाव, म्हणाला असेल, भरपूर झालं.
एकोणीस जण.

बाल्क दोन्ही कागद घेऊन न्यायासनापुढे गेले.
दोन वाव पाणी, पोरंसोरं जाणतात, महाराज!
हा पाच आमच्या घरची चूक.
आमची चूक त्याच्या घरी गेलीच कशी?
भिंग आणलं गेलं. माना डोलल्या.
सहाशे गिल्डर दंड झाला स्कूटला.
मी निकाल दोनदा वाचला, सरळ आणि उलटा.
एकोणीस हा आकडा त्यात कुठेच नाही.

संध्याकाळी मालकांनी भाजलेला हंस पाठवला.
तुझ्या चुकीनं घर सावरलं, असा निरोप.
हंस मी शेजारी दिला.

रात्री उशिरा दार वाजलं. लुब्बर्ट.
टोपी हातात, नखांत माझ्यासारखीच काजळी.
आत आला नाही. उंबऱ्यातूनच विचारलं,
बाई, तो दोन होता की पाच?
मी म्हटलं, दोन.
त्यानं मान हलवली,
हिशेब जुळल्यावर दुकानदार हलवतो तशी,
आणि गेला. पूल ओलांडताना
त्याचा कंदील एकदा थांबला होता.

चूक खोडायची तर पत्रा पालथा घालतात.
जागा हेरून मागून हातोडी मारायची,
खड्डा पुढे उचलून येईपर्यंत,
मग घासायचं, घासायचं,
तांबं कोऱ्या पाण्यासारखं होईपर्यंत.
मी ते केलं. कुणी सांगितलं नव्हतं.
कोरणी टेकवणार
तेवढ्यात दुकानात एक मासेवाला सांगत होता,
यंदाच्या वादळात तो दांडाच सरकला,
मैलभर पूर्वेला, आता तिथे किती पाणी
कुणाला ठाऊक.

त्या जागी मी काहीच कोरलं नाही.
मालक विचारतात अधूनमधून,
इथे आकडा राहिला का गं?
मी म्हणते, राहिला.